दुखणं कशानं थांबतं, ते आधी सांगा

ताई, तुमच्या प्रश्नातला एक भाग मी दोनदा वाचला. ‘अण्णा घरून एसटी स्टँडकडे निघाले की पाण्याच्या टाकीपर्यंत ठीक असतात. मग उजवी पोटरी भरून येते. मारुतीच्या पारावर दोन मिनिटं टेकले की पुन्हा चालू लागतात. घरात काहीच होत नाही, मग डॉक्टरांना दाखवायचं तरी काय?’ बाकीची माहिती अशी: अण्णा तुमचे वडील, वय ६१, साखर कारखान्यातून निवृत्त, ९ वर्षांपासून मधुमेह. सिगारेट सुटली, पण तंबाखू-चुना चालू आहे. गुडघ्याचा एक्स-रे झाला, ‘थोडी झीज आहे’ म्हणून कॅल्शियम मिळालं, तीन महिन्यांत फरक नाही. अधूनमधून रात्री पायात गोळे येतात.

मी सोलापूरकडे सर्जन म्हणून काम करतो, तीस वर्षं होत आली. येता-जाता दुखणाऱ्या पायांचे रुग्ण रोज बघतो, आणि ते माझ्यासमोर बसलेले असताना बहुतेक वेळा त्यांचे पाय दुखत नसतात. त्यामुळे ‘दाखवायचं काय’ हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. दाखवायची असते ती दुखण्याची हकीकत. त्यातही दुखणं कधी सुरू झालं हे सगळे सांगतात, कशानं थांबलं हे क्वचितच कुणी सांगतं. मला मात्र निम्मं निदान त्या दुसऱ्या उत्तरात मिळतं.

म्हणून पहिलं काम अण्णांचं. उद्या पारापाशी आल्यावर त्यांनी बसायचं नाही. झाडाला न टेकता, कमरेत न वाकता, नुसतं सरळ उभं राहायचं आणि बघायचं, पोटरी मोकळी होते का?

नुसतं उभं राहून दोन-तीन मिनिटांत दुखणं गेलं, तर संशय धमनीवर, म्हणजे पायाला शुद्ध रक्त पोचवणाऱ्या वाहिनीवर. उभं राहून जात नाही, बसावंच लागतं किंवा पुढे वाकावं लागतं, असं असेल तर संशय कमरेच्या मणक्यावर. दोन्ही आजार साठीच्या आसपास येतात, दोन्हींत माणूस चालता चालता थांबतो. पण उपचारांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

जरा शब्दांबद्दल बोलतो, कारण आपल्याकडे घोटाळा तिथेच होतो. ‘नस दबली’, ‘नस फुगली’, ‘नस आखडली’, ‘नस बंद झाली’. बोलताना सगळीकडे नसच. पण दबते ती मज्जातंतूची नस, फुगते ती अशुद्ध रक्त वर नेणारी शीर, आखडतो तो स्नायू आणि बंद होते ती धमनी. चार वेगळे अवयव आणि चार वेगळे उपचार. घरी कुणीतरी ‘नसेचं दुखणं आहे’ म्हटलं की औषधाच्या दुकानातून एकच गोळी येते, बहुधा बी-१२ ची नाहीतर वेदनाशामक. ‘वात’ या शब्दाचंही तसंच. वात म्हटलं की तेल आलं, शेक आला आणि तपासणी राहिली.

आता धमनीचं बघू, कारण अण्णांच्या बाबतीत माझा पहिला संशय तिच्यावरच आहे.

बसलेल्या माणसाच्या पोटरीला फार थोडं रक्त लागतं. चालायला लागलं की मागणी कितीतरी पटींनी वाढते. धमनी आतून चरबीच्या थरांनी अरुंद झाली असेल, तर घरात बसल्या जागी पुरेसं रक्त मिळतं, रस्त्यावर कमी पडतं. गल्लीतल्या बारीक झालेल्या पाइपासारखं आहे. एका घराची बादली भरते, सगळ्यांनी एकदम नळ सोडले की धार तुटते. स्नायूला प्राणवायू अपुरा पडतो, तो भरून येतो, रग लागते. थांबलं की मागणी कमी होते आणि दुखणं जातं. म्हणून या दुखण्याला अंतर ठरलेलं असतं. दरवेळी साधारण त्याच खांबापाशी, त्याच दुकानापाशी. तुमची पाण्याची टाकी मला महत्त्वाची वाटली ती यासाठी. सांध्याची झीज अशी जागा ठरवून दुखत नाही. ती एखाद्या दिवशी उठतानाच दुखते, एखाद्या दिवशी बाजार फिरून आलं तरी बरी असते.

या लक्षणाचं पहिलं नीट वर्णन माणसात झालं नाही, घोड्यात झालं. १८३१ साली बूले नावाच्या फ्रेंच पशुवैद्यानं पळवलं की लंगडणाऱ्या आणि विसावला की ठीक होणाऱ्या घोड्याची हकीकत नोंदवली. माणसात तेच फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८५८ मध्ये दाखवलं. जर्मन लोक याला दुकानांच्या काचा बघण्याचा आजार म्हणतात. पाय दुखतो हे कबूल करायची लाज वाटते, म्हणून माणूस काचेतला माल बघत उभा राहतो. आमच्याकडचा रुग्ण मोबाइल काढतो नाहीतर धोतराचा सोगा नीट करत बसतो. एका वारकऱ्याला आपला आजार दिवे घाटात कळला. आदल्या वर्षी एका दमात चढलेला घाट त्या वर्षी दर वळणाला थांबून चढावा लागला. त्याला वाटलं, वय झालं.

चढाची ही खूणही लक्षात ठेवा. धमनी अरुंद असेल तर चढावर लवकर दुखतं, कारण स्नायूला जास्त काम पडतं. मणक्यातली जागा अरुंद असेल तर बरेचदा उलट होतं. चढताना माणूस पुढे झुकतो, मणक्यातली वाट थोडी मोकळी होते, पाय चालतात. उतारावर पाठ मागे जाते आणि पाय जड पडतात, मांड्यांपासून खाली मुंग्या येतात. माझ्याकडे एक भाजीवाले यायचे. हातगाडी ढकलत दिवसभर फिरायचे, काही तक्रार नाही. गाडी घरी ठेवून देवळात निघाले की पन्नास पावलांत बसायचे. गाडीच्या दांड्यावर वाकल्यानं मणका मोकळा राहत होता. सायकलवर मैलभर जाणारा पण पायी फर्लांगभर न चालणारा माणूस दिसला, तर मी आधी कमर तपासतो.

दुखण्याची जागाही बोलते. पोटरी दुखत असेल तर अडथळा बहुधा मांडीतल्या धमनीत असतो. कुल्ला आणि मांडी भरून येत असेल तर तो त्याहून वर, पोटाच्या खालच्या भागात. अशा पुरुषांना बरेचदा लैंगिक ताठरतेचीही अडचण असते. ते मुलीला सांगणार नाहीत, बायकोलाही नाही. डॉक्टरांसमोर त्यांना पाच मिनिटं एकटं बसू द्या.

मधुमेह आणि तंबाखू हे या आजाराचे दोन सगळ्यात मोठे मित्र, आणि अण्णांकडे दोन्ही आहेत. ‘सिगारेट सोडली, आता नुसती तंबाखू’ हे मी रोज ऐकतो. धूर सुटला ही मोठीच गोष्ट, त्याचं श्रेय त्यांना द्या. पण चघळलेल्या तंबाखूतलं निकोटीन रक्तात जातंच आणि रक्तवाहिन्या आकसतात. विडीचं तर विचारूच नका. सुरुवातीच्या काळात माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. पस्तिशीचा विडी ओढणारा तरुण पाऊल दुखतं म्हणून यायचा. इतक्या तरुण माणसाच्या धमन्या कशाला बंद होतील, असं धरून मी त्याला दोन महिने सायटिकाच्या गोळ्या दिल्या. पावलाची नाडी बघितली नाही. तो पुन्हा आला तेव्हा अंगठा काळा पडला होता. बर्गरचा आजार म्हणतात तो हाच. तरुण, विडी-सिगारेट ओढणारे पुरुष, आणि हातापायांच्या लहान धमन्या बंद. विडी पूर्ण थांबवणं हाच त्याचा खरा उपचार, निम्मी करून चालत नाही. तेव्हापासून कुणाचाही पाय दुखो, मी आधी चार ठिकाणी बोटं टेकवतो: जांघेत, गुडघ्यामागे, आतल्या घोट्याच्या मागे आणि पावलाच्या पाठीवर.

पावलाच्या पाठीवरची नाडी तुम्ही घरीही बघू शकता, पण ती लागली नाही म्हणून घाबरू नका. काही चांगल्या धडधाकट माणसांतही ती जन्मतः लागत नाही. खरी तपासणी सोपी आहे. दंडाचा रक्तदाब आणि घोट्याचा रक्तदाब रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या छोट्या डॉप्लर यंत्रानं मोजायचा आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्यानं भागायचं. डॉक्टर याला एबीआय म्हणतात. दंडावर १५० आणि घोट्यावर ९० आलं तर उत्तर ०.६. ते १ च्या आसपास असायला हवं, ०.९ किंवा त्याहून कमी आलं तर धमनी अरुंद आहे असं धरतात. एक फसवणूक मात्र असते. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचतं, ती दाबली जात नाही आणि आकडा खोटाच चांगला येतो, कधी १.४ च्याही वर. अण्णांचा आकडा ‘नॉर्मल’ आला आणि पाण्याच्या टाकीपाशी दुखणं चालूच असेल, तर पायाच्या बोटाचा दाब किंवा धमन्यांचा कलर डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून घ्या. तो ‘आर्टिरियल’, म्हणजे धमन्यांचा हवा, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. बऱ्याच वेळा शिरांचा डॉप्लर होतो आणि घरचे ‘डॉप्लर चांगला आला’ म्हणून निश्चिंत होतात.

आता रात्री पायात येणाऱ्या गोळ्यांकडे येतो, कारण रात्रीचे पाय ही वेगळीच दुनिया आहे. चार माणसं रात्री दोन वाजता पाय धरून उठतात, आणि चौघांचा आजार वेगळा असतो.

पहिल्याची पोटरी दगडासारखी घट्ट होते, बोटं खाली वळतात. पायाचा चवडा नडगीकडे ओढून धरला की सुटते. हे वांब किंवा गोळे. त्रासदायक, पण बहुतेक वेळा निरुपद्रवी. उन्हात घाम गाळून काम, गरोदरपण, लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार ही काही कारणं. म्हातारपणी तर कारण सापडतही नाही. झोपण्याआधी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणल्या तर फायदा होतो. मॅग्नेशियमच्या गोळ्यांनी वयस्कर माणसांच्या वांबांत फारसा फरक पडत नाही. क्विनीन पूर्वी देत, आता तिच्या रक्तावरच्या आणि हृदयावरच्या दुष्परिणामांमुळे नुसत्या वांबांसाठी देऊ नये.

दुसऱ्याच्या तळव्यांची आग होते, मिरची चोळल्यासारखी, दोन्ही पायांची सारखीच. थंड फरशीवर पाय ठेवले की बरं वाटतं. हे मज्जातंतूंचं दुखणं, मधुमेहात किंवा बी-१२ कमी असताना येतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी अनेक वर्षं घेणाऱ्यांत आणि शाकाहारी माणसांत बी-१२ मुद्दाम तपासावं.

तिसऱ्याचे पाय दुखत नाहीत, पण हलवल्याशिवाय राहवत नाही. आत किडे वळवळल्यासारखं होतं, उठून फिरलं की थांबतं, पडलं की परत सुरू. बायकांत जास्त, आणि पुष्कळदा शरीरातलं लोह कमी असतं. अशा वेळी हिमोग्लोबिनवर न थांबता फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तपासतात.

चौथा सगळ्यात महत्त्वाचा. त्याची बोटं, पावलाचा पुढचा भाग ठणकतो आणि पाय खाटेखाली लोंबता सोडला की उतार पडतो. काही जण खुर्चीत बसूनच रात्र काढतात. हा धमनीचा आजार पुढच्या पायरीवर गेला. आडवं झाल्यावर पावलापर्यंत रक्त पोचत नाही, पाय खाली सोडल्यावर थोडं उतरतं. चालतानाचं दुखणं असेल तर काही दिवसांत दाखवलं तरी चालतं. हे रात्रीचं दुखणं मात्र असेल, किंवा बोटाला जखम, काळपटपणा असेल, तर रक्तवाहिन्यांच्या सर्जनना त्याच आठवड्यात गाठावं, कारण प्रश्न पाय वाचवण्याचा असतो. अण्णांचे गोळे यांतले कुठले, हे त्यांना विचारून घ्या. चवडा ओढल्यावर सुटत असतील तर निर्धास्त राहा.

शिरांचं थोडक्यात सांगतो. कंडक्टर, न्हावी, पोलीस, शिक्षक, हॉटेलातले आचारी, ज्यांचा दिवस उभ्यानं जातो, त्यांचे पाय संध्याकाळी जड होतात, घोटे सुजतात, पाय उशीवर घेतले की सकाळपर्यंत हलके. धमनीच्या रुग्णाला पाय वर घेतला की त्रास वाढतो, शिरांच्या रुग्णाला आराम पडतो. पायावर निळ्या गाठी दिसतात म्हणून प्रत्येक दुखणं त्यांचंच असतं असं नाही. मी गाठींच्या ऑपरेशनला आलेल्या दोघांचं दुखणं कमरेचं निघालेलं बघितलंय. आणि घट्ट मोजे स्वतःहून विकत आणून घालू नका. धमनी अरुंद असलेल्या पायाला ते इजा करतात.

लहान मुलांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण घरात भाचरं असतील म्हणून एवढंच. संध्याकाळी दोन्ही पाय दुखतात, चोळून दिले की मूल झोपतं आणि सकाळी अंगणात पळतं, हे वाढीचं दुखणं समजतात. एकच पाय, एकच जागा, लंगडणं, ताप, वजन घटणं, यांतलं काहीही असेल तर रक्ततपासणी आणि एक्स-रे हवाच. विदर्भातल्या, नंदुरबारच्या आणि एकूण आदिवासी भागातल्या मुलाला पुन्हा पुन्हा हाडं दुखण्याचा त्रास होत असेल, तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी पहिल्याच भेटीत मागा. तिथे अशा दुखण्याला ‘वाढीचं’ म्हणून वर्षं वाया गेलेली आहेत.

आता ज्यांत वाट बघायची नाही, ते. पाय अचानक थंड पडला, पांढरा किंवा निळसर झाला, बधिर झाला, बोटं हलेनात: धमनी एकदम बंद झाली आहे. साधारण ६ तासांत स्नायू आणि मज्जातंतू कायमचे खराब व्हायला लागतात. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांत हे जास्त. १०८ ला फोन करा, रक्तवाहिन्यांचं ऑपरेशन होऊ शकेल अशा रुग्णालयात न्या, तेल लावू नका, शेकू नका.

एकच पोटरी सुजली, गरम लागते, दुखते, आणि नुकतंच ऑपरेशन, बाळंतपण, प्लास्टर किंवा लांबचा प्रवास झालाय: आत शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. घरातली शिवणाची टेप घ्या, गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. ३ सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर संशय बळावतो, फरक नसला तरी सुटका नाही. त्याच दिवशी दाखवा आणि चोळू तर मुळीच नका, गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. सोबत धाप किंवा छातीत दुखणं आलं तर दिवस कसला, त्याच क्षणी निघा.

कमरेसह पाय दुखतात, आणि लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, किंवा सायकलच्या सीटला टेकणारा भाग बधिर झाला: मणक्यात नसांचा गठ्ठा दबलाय, त्याच रात्री रुग्णालय.

अण्णांसाठी मी काय करीन ते सांगतो. एबीआय, रक्तातली साखर आणि तीन महिन्यांची सरासरी, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि एक ईसीजी. ईसीजी कशाला, असं विचाराल. पायाच्या धमनीत जे साचलंय तेच हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही साचत असतं. पोटरी दुखणाऱ्या माणसाला पाय जाण्यापेक्षा हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका जास्त. म्हणून आजार पक्का झाला की कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी आणि रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल डॉक्टर सुरू करतील. ‘पाय दुखतो म्हणून गेलो आणि हृदयाच्या गोळ्या दिल्या’ म्हणून त्या बंद करू नका. चालण्याचं अंतर वाढवणारी सिलोस्टॅझोल नावाची गोळी आहे, पण हृदय कमजोर असेल तर ती देत नाहीत. शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून आणू नका.

आणि चालणं. हे ऐकून घरचे दचकतात. दुखत असताना चालवायचं? हो. पाण्याच्या टाकीपर्यंत जावं, दुखणं बऱ्यापैकी वाढेपर्यंत चालावं, उभं राहावं, गेलं की पुन्हा निघावं. असं विसाव्यासकट ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून निदान तीन दिवस, किमान तीन महिने. स्नायू आहे त्या रक्तात काम करायला शिकतो. नेमानं चालणाऱ्यांचं अंतर चांगलं वाढतं, काहींना तर पुढे धमनी रुंद करणारा फुगा किंवा स्टेंट (जाळी) लागतच नाही. मात्र पावलावर जखम असेल किंवा विसाव्यातही दुखत असेल, तर आधी डॉक्टर, चालणं नंतर. नुसतं चालताना दुखतं म्हणून पहिल्याच भेटीत कुणी अँजिओप्लास्टीची, म्हणजे त्या फुग्याची, तारीख देत असेल, तर दुसरं मत घ्या.

पावलांची काळजी तुमच्याकडे. रोज रात्री बोटांच्या बेचक्या बघा, अण्णांना वाकून दिसणार नाहीत. कुरूप ब्लेडनं कापू नये. गरम पाण्यात पाय बुडवू नये, बधिर तळव्याला पाणी किती गरम ते कळत नाही. आणि दुपारी तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा नको. दर उन्हाळ्यात माझ्याकडे तळवे भाजलेले दोन-तीन मधुमेही येतात, फोड आल्याचं घरी जाऊन कळलेले.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्या पिशवीत घ्या, आणि एका चिठ्ठीवर लिहून न्या: कुठल्या खुणेपाशी दुखतं, उभं राहून थांबतं की बसून, चढावर जास्त की उतारावर, रात्री पाय खाली सोडावा लागतो का. आणि दोन्ही पायांतले मोजे काढून चारही ठिकाणच्या नाड्या बघितल्याशिवाय नुसता गुडघ्याचा नवा एक्स-रे लिहून मिळाला, तर तो काढण्याआधी पायाची नाडी बघायची विनंती करा.